पाण्याच्या अवस्थांचा प्रकल्प घरच्या ओट्यावर: ठाणे-नवी मुंबईच्या पालकांसाठी

शाळेच्या ग्रुपवर शुक्रवारी रात्री निरोप येतो, ‘सोमवारी विज्ञान प्रकल्प, विषय: पदार्थाच्या अवस्था’. शनिवारी सकाळी ठाण्याच्या जांभळी नाक्यापासून वाशीपर्यंत स्टेशनरीच्या दुकानांतून तोच छापील तक्ता खपतो. बर्फाचा चौकोन, पाण्याचा ग्लास, किटलीतून निघालेला पांढरा ढग आणि मध्ये बाण.

तो तक्ता घेऊ नका. एक तर त्यात चूक असते (तो पांढरा ढग म्हणजे वायू नव्हेच, चौथ्या पायरीत बघा). दुसरं म्हणजे त्यात मुलाने स्वतः केलेलं काहीच नसतं. बाईंनी ‘हे तू कसं काढलंस?’ एवढं विचारलं की पोर गप्प.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी पाचवी ते नववीची मुलं जमतात, त्यांच्याकडून मी हे प्रयोग करून घेते. थर्मामीटर सोडला तर लागणारं सगळं स्वयंपाकघरातच असतं. स्थायू, द्रव, वायू ही नावं मुलांना पाठच असतात. बर्फ वितळत असताना किंवा पाणी उकळत असताना उष्णता आत जात राहते आणि तरीही तापमान जागचं हलत नाही, हे मात्र फार थोड्यांनी स्वतः पाहिलेलं असतं. प्रकल्प त्या न हलणाऱ्या आकड्याभोवती उभा करा. बाकीच्या पायऱ्या वेळ असेल तशा जोडा.

(लेखात ‘अंश’ म्हणजे सगळीकडे अंश सेल्सिअस.)

आधी सामान जमवा

- डिजिटल प्रोब थर्मामीटर, लांब सळईचा, उणे ५० ते ३०० अंश मोजणारा. ऑनलाइन सहज मिळतो.
- स्वयंपाकघरातला वजनकाटा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा
- एक मोठं आणि एक लहान स्टीलचं पातेलं, चकचकीत स्टीलचा ग्लास, झाकणाचा जाड मग
- बर्फाचे दोन-तीन ट्रे, आदल्या रात्री लावलेले
- पाव किलो खडेमीठ
- सांडशी, जुना टॉवेल, कापसाची वात किंवा मलमलीची चिंधी
- वही, आलेख कागद, मोबाइलचं घड्याळ

ताप बघायचा थर्मामीटर वापरू नका. तो साधारण ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो, गरम पाण्यात घातला की संपला. काचेचा पाऱ्याचा तर मुलांच्या हातीच देऊ नका. तो फुटला तर पारा फरशीच्या फटीत जातो आणि त्याची वाफ विषारी असते. लाल द्रवाचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर चालतो, पण तो सहसा उणे १० ते ११० अंशांचा असतो, त्यामुळे सातव्या पायरीत तोकडा पडतो. करोनाच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची ‘गन’ इथे कुचकामी आहे. चकचकीत स्टीलचं तापमान तिला कळत नाही आणि पाण्याच्या आतलं तर मुळीच नाही.

बर्फ कमी पडला म्हणून मासळी बाजारातली लादी आणायची झाली तर ती फक्त भांड्याबाहेर वापरायला ठीक आहे. निळसर रंगाचा बर्फ खाण्यासाठी नसतो, हे मुलांना आधीच सांगा. प्रयोग संपला की बर्फ तोंडात टाकण्याची त्यांची सवय जात नाही.

पायरी १: थर्मामीटरची परीक्षा घ्या

बर्फ फडक्यात बांधून लाटण्याने ठेचा. ग्लासभर चुऱ्यात थोडंसंच पाणी घाला, एवढं की चुऱ्यातल्या फटी भराव्यात. सळई मधोमध धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, आणि दोन मिनिटं ढवळा. आकडा ० यायला हवा. ०.८ आला तर थर्मामीटर तेवढा जास्त दाखवतो, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि थंड प्रयोगांच्या प्रत्येक नोंदीतून ०.८ वजा करा. गरम टोकाची तपासणी चौथ्या पायरीत आपोआप होईल.

परीक्षक बाईंना सगळ्यात आवडतं ते हे पान.

अंडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये मापनश्रेणी मांडली तेव्हा ती उलटी होती: पाणी उकळतं तिथे ० आणि गोठतं तिथे १००. त्याच्या मृत्यूनंतर ती पालटली गेली. मुलांना हे ऐकायला आवडतं, प्रकल्पात नाही घातलं तरी चालेल.

पायरी २: बर्फ वितळताना दर मिनिटाला नोंद

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

मोठ्या पातेल्यात २ लिटर नळाचं पाणी घ्या आणि त्याचं तापमान लिहा. ठाण्यात ते बहुतेक २६ ते ३० अंशांच्या मध्ये असतं. लहान पातेल्यात २०० ग्रॅम बर्फाचा चुरा मोजून घ्या आणि ते पातेलं मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात ठेवा. आता एकाने सतत ढवळायचं, दुसऱ्याने दर मिनिटाला आकडा वाचायचा, तिसऱ्याने लिहायचं. भाऊ-बहीण नसतील तर शेजारचं पोर बोलवा. एकट्याने तिन्ही कामं करायला घेतली की नोंदी हुकतात.

वहीत तीन रकाने करा: मिनिट, तापमान, काय दिसलं. तिसरा रकाना मुलं गाळतात. ‘खडे गोल झाले’, ‘पातेल्याच्या कडेला पाणी, मध्ये बर्फ’, ‘शेवटचे तीन तुकडे’ असं त्यात लिहायचं.

फ्रीझरमधला बर्फ साधारण उणे १८ अंशांचा असतो, म्हणून सुरुवातीला आकडा शून्याच्या खाली दिसेल. तो चढत चढत शून्यापाशी येतो आणि तिथे बसकण मारतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, ०.२, ०.१, ०.३. याच वेळी मुलं विचारतात, ‘थर्मामीटर बंद पडला का?’ त्यांना सळई काढून बाहेरच्या मोठ्या पातेल्यात घालायला सांगा. तिथलं पाणी २८ वरून २४ वर आलेलं असेल. पुन्हा आत: शून्य. बाहेरचं पाणी गार होत चाललंय म्हणजे त्याची उष्णता आत जातेच आहे, पण आतला आकडा ढिम्म. शेवटचा तुकडा वितळला की मात्र तो भराभर वर जातो.

बर्फ संपेपर्यंत बाहेरचं २ लिटर पाणी सात-आठ अंशांनी उतरलेलं असतं. हिशेब सहावीच्या मुलालाही जमतो. शून्य अंशाच्या १ ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी व्हायला सुमारे ८० कॅलरी लागतात. २०० ग्रॅमला १६,००० कॅलरी. १ ग्रॅम पाणी १ अंशाने गार झालं की १ कॅलरी सोडतं, म्हणजे २,००० ग्रॅम पाण्याने १६,००० कॅलरी द्यायच्या तर ते ८ अंशांनी उतरायला हवं. खोलीची हवा, पातेलं आणि बर्फाचे सुरुवातीचे उणे अंश यांच्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो. झाला तर होऊ द्या, कारणांसकट लिहा. आठावर आठ जुळवून आणलेली वही लगेच ओळखू येते.

ही उष्णता तापमान वाढवत नाही, बर्फातल्या रेणूंची घट्ट बांधणी सोडवण्यात खर्च होते. दहावीच्या उष्णतेच्या धड्यात तिला अप्रकट उष्मा म्हटलंय. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६० च्या दशकात ती मोजली. त्याचा युक्तिवाद असा: शून्यापाशी पोहोचल्यावर बर्फाला जराशीच उष्णता पुरत असती, तर थंड देशांत वसंत ऋतूत डोंगरावरचा बर्फ एकदमच वितळला असता आणि खाली दरवर्षी हाहाकार माजला असता. प्रत्यक्षात तो आठवडेच्या आठवडे सावकाश वितळतो.

इथला सापळा: ढवळणं थांबलं की तळाशी आकडा ३-४ अंश दिसायला लागतो आणि वर अजून बर्फ तरंगत असतो. मुलांना वाटतं नियम मोडला. नियम शाबूत आहे. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, ते तळाशी जाऊन बसतं आणि थर्मामीटर तेच मोजतो. ढवळलं की पुन्हा शून्याकडे.

पायरी ३: साठ अंशांचं पाणी आणि शंभर ग्रॅम बर्फ

नोंदींचं कोष्टक पाहून सगळ्यांनाच पटतं असं नाही. हा प्रयोग पटवतो, कारण यात आधी पैज लावायची असते.

जाड मगमध्ये ६० अंशांचं २०० ग्रॅम पाणी घ्या. उकळतं पाणी आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की साठच्या थोडं वर जातं, मग थांबून ६० वर येऊ द्या. त्यात शून्य अंशाचं १०० ग्रॅम पाणी ओतलं तर किती होईल? मुलं हिशेब करतात: ४०. करून बघा, चाळिसाच्या आसपासच येतं.

आता तेच पुन्हा, पण पाण्याऐवजी शून्य अंशाचा १०० ग्रॅम बर्फ. पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवलेला आणि टॉवेलवर टिपून घेतलेला बर्फ हवा, थेट फ्रीझरमधला नको. ‘शून्य म्हणजे शून्य, पुन्हा चाळीसच येणार,’ असं बहुतेक जण ठामपणे सांगतात. झाकण लावून हलवा, बर्फ पूर्ण वितळू द्या, मग मोजा. १३ ते १६ च्या मध्ये कुठेतरी येईल.

गणित असं: गरम पाण्याकडे शून्यापर्यंत उतरताना देण्यासाठी १२,००० कॅलरी होत्या. त्यातल्या ८,००० बर्फ वितळवण्यातच गेल्या. उरल्या ४,०००, त्या ३०० ग्रॅम पाण्यात वाटल्या, म्हणजे १३ अंश आणि थोडं वर. तो जाड मगही गरम असतो, म्हणून आकडा किंचित जास्त येतो. थेट फ्रीझरमधला बर्फ घातला तर १० च्या आसपास उतरतो, कारण आधी त्याला उणे १८ वरून शून्यावर आणावं लागतं.

प्रकल्पाला एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हा करा. सामान कमी, वेळ कमी, आणि वर्गात बाईंसमोर पुन्हा करून दाखवता येतो.

पायरी ४: उकळणं

इथे गॅसपाशी मोठं माणूस हवंच.

पातेल्यात अर्धा लिटर पाणी, झाकण नको, सळई सांडशीने पाण्याच्या मधोमध. दर मिनिटाला नोंद. साठ-सत्तरपाशी तळाला बारीक बुडबुडे दिसतात. ती पाण्यात विरघळलेली हवा आहे, वाफ नव्हे. तोंडी परीक्षेतला हा लाडका प्रश्न. खरी वाफ म्हणजे नंतर तळापासून उठून वरपर्यंत येऊन फुटणारे मोठे बुडबुडे.

खळखळ उकळी आली की आकडा १०० च्या जवळ थांबतो. ठाणे आणि नवी मुंबई समुद्रसपाटीलगत आहेत, म्हणून इथे उत्कलनांक १०० पासून फार हलत नाही. पावसाळ्यात हवेचा दाब कमी असतो तेव्हा अर्धा अंश कमी भरेल, एवढंच. ९७ किंवा १०३ दिसत असेल तर थर्मामीटरची चूक आहे, ती पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता गॅस मोठा करा. पाणी जोरात उसळेल, आकडा तोच. मंद करा, उकळी टिकेल इतपत. आकडा तोच. म्हणजे उकळी आल्यावर मोठ्या आचेवर ठेवलेले बटाटे लवकर शिजत नाहीत, नुसतं पाणी लवकर आटतं. हे वाक्य आजीसमोर म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. कुकरमध्ये चित्र वेगळं असतं. तिथे दाब वाढतो म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते.

नळाचं २७ अंशांचं पाणी उकळीला आणायला ग्रॅममागे ७३ कॅलरी लागतात. त्याच ग्रॅमची पूर्ण वाफ करायला आणखी ५४०, म्हणजे सातपटीहून जास्त. पाच मिनिटांत उकळलेलं पाणी त्याच आचेवर पूर्ण आटायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ घेतं. पातेलं कोरडं होऊ देऊ नका, गणित वहीत करा.

आता तो तक्त्यावरचा ढग. किटलीच्या तोंडाशी नीट बघा. अगदी नळीला लागून बोटभर जागा रिकामी दिसते आणि त्यानंतर पांढरं सुरू होतं. त्या रिकाम्या जागेत पाण्याचा वायू आहे, तो दिसत नाही. पुढे हवेत गार झाला की त्याचे बारीक थेंब होतात आणि तो पांढरा दिसतो. म्हणजे तक्त्यावर ‘वायू’ असं लिहून बाण दाखवलाय तो द्रवाकडे. मुलाने स्वतः चित्र काढून ही रिकामी जागा दाखवली तर बाकी काही नसलं तरी चालेल.

त्या जागेत बोट घालून बघायचं नाही, हे आधी सांगा, नंतर नव्हे. वाफ त्वचेवर पाण्यात बदलताना ग्रॅममागे त्याच ५४० कॅलरी सोडते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतो. भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको.

पायरी ५: न उकळता उडून जाणारं पाणी

दोन सारख्या ताटल्यांत ५०-५० ग्रॅम पाणी. एक पंख्याखाली, एक बंद कपाटात. दर तासाला वजन. हा प्रयोग सोपा आहे, पण आपल्याकडे तो महिन्यावर अवलंबून असतो. जुलैमध्ये बाल्कनीतले कपडे दोन दिवस ओले राहतात, तशीच ताटलीही भरलेली राहते, आणि मुलगा निराश होतो. हवेत आधीच भरपूर बाष्प असलं की आणखी मावायला जागा कमी.

यावर उपाय म्हणजे हवामानच प्रयोगात घ्या. थर्मामीटरच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळा, पंख्यासमोर पाच मिनिटं धरा, आणि कोरड्या थर्मामीटरच्या आकड्याशी तुलना करा. भर पावसाळ्यात फरक जेमतेम एक-दोन अंशांचा पडतो. डिसेंबरच्या कोरड्या दुपारी सात-आठ अंश सहज पडतो. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, चिंधी गार पडते. माठातलं पाणी याच कारणाने गार होतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात माठ जेवढा चालतो तेवढा तो खाडीकाठच्या दमट ठाण्यात चालत नाही, हेही याच आकड्यांतून मुलाला सांगता येतं.

जोडीला एक ताटली खारं पाणी ठेवा: १ लिटरला ३५ ग्रॅम मीठ, साधारण समुद्राएवढं. पाणी उडालं की पांढरी कड उरते. ठाण्याहून मुंबईला पूर्व द्रुतगती महामार्गाने जाताना मुलुंड-भांडुपच्या बाजूला मिठागरांची जमीन दिसते, तिथे हेच मोठ्या प्रमाणावर व्हायचं: खाडीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं आणि उन्हा-वाऱ्यावर सोडायचं. मिठाचा हंगाम पावसाळा सरल्यावर का सुरू होतो, ते वरच्या परिच्छेदातून मुलालाच काढू द्या.

पायरी ६: बाटलीला सुटलेला घाम

पावसाळ्यात पाचवी पायरी रुसते, पण ही खुलते.

फ्रीजमधली पाण्याची स्टीलची बाटली काढा, झटकन पुसा, छोट्या ताटलीत उभी करून ताटलीसकट वजन करा. वीस मिनिटांनी पुन्हा वजन करा. झाकण उघडायचं नाही. वजन काही ग्रॅमनी वाढलेलं असेल. बाटली गळत असती तर ताटलीसकट वजन तेवढंच राहिलं असतं. पाणी बाहेरून आलं, हवेतून आलं. लहान मुलांसाठी पारदर्शक बाटलीत आतल्या पाण्यात खायचा रंग घाला. बाहेरचे थेंब बिनरंगी असतात.

आठवी-नववीच्या मुलांनी याच्या पुढे जावं. चकचकीत ग्लासात नळाचं पाणी घ्या, त्यात एकेक बर्फाचा तुकडा टाकत ढवळा आणि ग्लासावर पहिलं धुकं धरताच आकडा वाचा. तो दवबिंदू. जुलैमध्ये ठाण्यात तो २५ च्या आसपास येतो, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या तुकड्यालाच ग्लास धुरकटतो. हिवाळ्यात बरेच तुकडे घालावे लागतात. एसीच्या नळीतून खालच्या मजल्यावरच्यांच्या छज्जावर टपकणारं आणि सोसायटीच्या सभेत गाजणारं पाणी हेच.

पायरी ७: गोठवणं, आणि मिठाची गंमत

प्लास्टिकच्या सरळ उभ्या डब्यात पाणी घाला, पातळीवर मार्करने खूण करा, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी बर्फ खुणेच्या वर आलेला असतो. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. म्हणून काचेची बाटली कधीही भरून फ्रीझरमध्ये ठेवू नका, तडकते.

स्थायूतले रेणू म्हणजे सकाळची ८:१७ ची फास्ट लोकल, द्रवातले म्हणजे दुपारची रिकामी गाडी, ही उपमा तुम्हाला सुचेल. बहुतेक सगळ्यांना सुचते. ती लोखंडाला, मेणाला चालते, पाण्याला नाही. बर्फात रेणू अधिक दाटीने बसले असते तर बर्फ पाण्यात बुडाला असता. त्याच्या बांधणीत पोकळ जागा जास्त असते, म्हणून तो तरंगतो. परीक्षकांनी नेमकं इथेच पकडलेलं पाहिलंय.

मीठ: ३०० ग्रॅम ठेचलेल्या बर्फात १०० ग्रॅम खडेमीठ कालवा आणि थर्मामीटर घाला. बर्फ वितळतोय, पाणी सुटतंय, आणि आकडा खाली चाललाय: उणे ५, उणे १०, नीट ठेचला असेल तर उणे १५. हे मिश्रण जास्तीत जास्त उणे २१ पर्यंत जाऊ शकतं. मिठामुळे पाण्याचा गोठणांक शून्याच्या खाली जातो, त्यामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो, आणि वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूने ओढून घेतो. दुसऱ्या पायरीतलाच हिशेब, फक्त आता उष्णता द्यायला बाहेर कोमट पाणी नाही. मेच्या सुट्टीत हाताने फिरवायच्या लाकडी पॉटमध्ये आइस्क्रीम करताना भोवती बर्फ आणि खडेमीठ याचसाठी भरतात. लहान डब्यात आटवलेलं गोड दूध घालून तो या मिश्रणात फिरवत ठेवलात तर मुलांची कुल्फीही होईल. डब्याचं झाकण घट्ट हवं, नाहीतर खारट. मिश्रण उघड्या हातात धरायचं नाही, गारठ्याने कातडी भाजल्यासारखी होते.

गरम पाणी गार पाण्याच्या आधी गोठतं, असे व्हिडिओ मुलं आणून दाखवतील. तो प्रयोग प्रकल्पाला घेऊ नका. दरवेळी वेगळं उत्तर येतं आणि रविवार वाया जातो.

पायरी ८: मधली पायरी गाळणारे

संप्लवनासाठी (स्थायूचा द्रव न होता थेट वायू होणं) पुस्तकात कापूर असतो. वाटीत कापूर, वर बर्फाचं पाणी भरलेली वाटी, खाली गरम पाण्याचं पातेलं. वरच्या वाटीच्या तळाला पांढरी पूड धरते. कापूर भसकन पेटतो, म्हणून हे गॅसवर कधीच नाही, फक्त उतरवलेल्या गरम पाण्यावर. डांबराच्या गोळ्या टाळा, त्यांची वाफ मुलांना चांगली नाही.

आपला विषय पाणी असेल तर त्याहून चांगलं उदाहरण फ्रीजमध्येच आहे. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये बर्फाचे तुकडे उघड्या ट्रेमध्ये तीन-चार आठवडे विसरून जा. ते बारीक होतात, कडा गोल होतात. वितळलेले नसतात, फ्रीझर उणे १८ वर आहे. बर्फाची थेट वाफ झाली. आणि जुन्या एकदारी फ्रीजमध्ये साचणारा भुसभुशीत हिमाचा थर म्हणजे उलटा प्रवास, बाष्पाचा थेट बर्फ. दर रविवारी ट्रेचं वजन घेतलं तर आलेखही होतो, पण त्यासाठी शाळेचा निरोप महिनाभर आधी यायला हवा.

पायरी ९: वही आणि तोंडी

वहीत पेन्सिलीच्या मूळ नोंदी ठेवा. सुबक पुनर्लेखन वेगळ्या पानावर करा, पण कच्चं पान फाडू नका. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, खोलीचं तापमान आणि फोनवर दिसणारी हवेतली आर्द्रता लिहा. आलेखात वेळ आडवी, तापमान उभं. आडव्या सपाट भागाला रंग द्या आणि तिथे ‘बर्फ आणि पाणी दोन्ही हजर’ असं लिहा. दुसऱ्या आणि चौथ्या पायरीचे आलेख एकाखाली एक चिकटवले की दोन्ही सपाट भाग एका नजरेत येतात.

सहावी आणि नववीची मुलं होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसत असतील तर याच नोंदी कामाला येतात. तिथे लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक असतं, आणि थर्मामीटर धरण्याची सवय आयत्या वेळी लागत नाही.

तोंडीला हमखास येणारे प्रश्न: पहिले बुडबुडे कशाचे? बर्फ तरंगतो का? गॅस मोठा केल्यावर तापमान का वाढलं नाही? कपडे १०० अंश नसताना कसे वाळतात? किटलीचा पांढरा ढग कोणत्या अवस्थेत आहे? उत्तरं पाठ करून घेऊ नका, फक्त ‘आपण कुठल्या पानावर पाहिलं?’ असं विचारा.

नाताळच्या सुट्टीत माथेरानला जाणार असाल तर थर्मामीटर पिशवीत टाका. ते सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि साधारण दर ३०० मीटरला उत्कलनांक १ अंशाने उतरतो, म्हणजे तिथे पाणी ९७ च्या आसपास उकळायला हवं. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं तर तो दोन मिनिटं पातेल्यात सळई धरू देतो, फक्त चहापत्ती आणि साखर पडायच्या आधी. निघायच्या आदल्या दिवशी घरी त्याच थर्मामीटरने उकळत्या पाण्याची नोंद घेऊन ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?